मदत हवी आहे: डबा रिकामा व्हायला गणितापेक्षा दीडपटीहून जास्त वेळ का लागतो?

पत्र्याचा गोल डबा, आतला व्यास २० सेंमी, तळाशी बाजूला ५ मिमीचं भोक. धारेचा वेग v = √(२gh) (h म्हणजे छिद्रापासून पाण्याची उंची, g गुरुत्वीय त्वरण) धरून समीकरण मांडलं, चल वेगळे करून संकलन केलं. पातळी छिद्रापासून ४० वरून १० सेंमीवर यायला २२८ सेकंद लागायला हवेत, लागतात ३७०.

भोक ड्रिलच्या ५ च्याच बिटाने पाडलंय, कडेचा चुरा घासून काढलाय. √h विरुद्ध वेळ हा आलेख सरळ रेषाच येतो, म्हणजे संकलन बरोबर, फक्त स्थिरांक चुकतोय. वेगही तपासला: छिद्र जमिनीपासून ७५ सेंमीवर, पातळी ४० असताना धार १०७ सेंमीवर पडते, सूत्राने १०९.५. मग वेग जवळपास बरोबरच! नीट पाहिलं तर धार छिद्राबाहेर लगेच बारीक होते. (सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे तेच साडेबारा लिटर बादलीत धरून पुन्हा ओततो.)

२२८/३७० म्हणजे साधारण ०.६२. हा आकडा बारावीच्या कॅल्क्युलसने आणि संवेगाच्या नियमाने काढता येतो, की प्रयोगातूनच घ्यावा लागतो? आणि छिद्रात आतून छोटी नळी बसवली तर तो बदलेल का?