नवं काम सकाळी, दुरुस्त्या दुपारी

घरूनच चित्रं काढायची म्हटल्यावर दिवस कधी संपतो ते कळत नाही, असं तुम्ही म्हणताय. माझंही तेच होतं. त्यात आमच्या इंदूरला सोय भलतीच: सराफ्यात दिवसा सोनं-चांदी, रात्री दुकानं मिटली की त्यांच्याच समोर खाणं. बारा वाजता भुट्ट्याचा कीस खाऊन यायचं, परत टॅब्लेटपुढे बसायचं, आणि याला मी विश्रांती म्हणायचो! अंगठा धरला, पेन हातातून सुटायला लागलं, तेव्हा कुठे थांबलो.

आता पोहे झाले की साडेनऊ ते एक फक्त नवी रेखाटनं. दुरुस्त्या, बिलं, फोन दुपारी; त्यांना ताजा हात लागत नाही. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघायचं, हा डोळ्यांचा नियम ऐकला असेलच. मी समोरच्या गच्चीवरचे पापड बघतो. (काकूंनी आता मलाच राखणीला बसवलंय.) लांब रेघ मनगटातून नाही, खांद्यातून ओढा.

रविवारचं मात्र अजून जमत नाही. ‘सोमवारी सकाळी हवंय’ म्हणणारा शनिवारी संध्याकाळीच उगवतो. त्याला हल्ली दीडपट दर सांगतो; बरेचजण मग मंगळवारपर्यंत थांबतात.