मॅनेजरनेच आपल्या आर्टिस्टचा शो प्रोड्यूस केला तर चालतं का?

लोकलचा_डबा: मी अंधेरीत एका छोट्या कंपनीत स्टँडअपवाल्यांचं काम बघतो, डेट्स, प्रवास, पेमेंटचा तगादा, सगळंच. आता आमच्या एका कॉमेडियनचा शो प्लॅटफॉर्मला द्यायचं चाललंय आणि साहेब म्हणतायत प्रोड्यूसर म्हणून आपलंच नाव लावू. ऐकायला भारी वाटतं, पण उद्या त्याची फी वाढवून मागायची तर मी मागणार कोणाकडे, माझ्याकडेच? अमेरिकेत मॅनेजर सर्रास प्रोड्यूसर असतात म्हणे, ते कसं जमवतात?

जुनी_कॅसेट: बर्नी ब्रिलस्टीन या अमेरिकन मॅनेजरचं करिअर बघा. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम मॉरिस एजन्सीच्या मेलरूममध्ये टपाल वाटण्यापासून सुरुवात, १९६९ ला स्वतःची कंपनी. मपेट्स बाहुल्यांवाला जिम हेन्सन, टीव्ही कॉमेडीचा प्रोड्यूसर लॉर्न मायकेल्स, कॉमेडियन जॉन बेलुशी आणि गिल्डा रॅडनर हे सगळे त्याचे क्लायंट. त्याच वर्षी ‘ही हॉ’ हा टीव्ही शो आला, त्याचे लेखक याचेच क्लायंट. सीबीएस चॅनलने १९७१ ला तो बंद केला तर थेट लोकल स्टेशनांना विकत पुढे वीसेक वर्षं चालला! ‘घोस्टबस्टर्स’ सिनेमा आणि ‘आल्फ’ मालिकेला हा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता. आर्टिस्ट, लेखक, आयडिया सगळं आपल्याच घरातलं, मग चॅनलसमोर बसल्यावर वजन येणारच ना.

कटिंग_चहा: वरच्यांनी गोड बाजूच सांगितली 😄 त्याच ब्रिलस्टीनचा पार्टनर ब्रॅड ग्रे, हा कॉमेडियन गॅरी शँडलिंगचा मॅनेजर आणि शँडलिंगच्याच ‘लॅरी सँडर्स शो’ या मालिकेचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरही. १९९८ मध्ये शँडलिंगने त्याच्यावर १० कोटी डॉलरचा दावा ठोकला, म्हणणं काय तर हा दोन्हीकडून खातोय आणि माझ्या नावावर स्वतःचा धंदा वाढवतोय. ग्रेने उलटा दावा लावला, १९९९ ला कोर्टाबाहेर मिटवलं. बरं ग्रेचं काही अडलं नाही, त्याच वर्षी त्याची ‘सोप्रानोज’ मालिका आली, २००५ ला साहेब पॅरामाउंट स्टुडिओचे प्रमुख. शँडलिंगची मात्र इतक्या वर्षांची मैत्री गेली. पैशापेक्षा हेच वाईट.

सही_शिक्का: मुळात तिथे एजंट आणि मॅनेजर वेगळे. एजंटला लायसन्स लागतं, साधारण १० टक्के घेतो आणि युनियनच्या नियमांमुळे पूर्वी त्याला प्रोडक्शनमध्ये पडता यायचं नाही. एमसीए या एजन्सीला १९५२ मध्ये या नियमातून सूट मिळाली होती (तेव्हा अ‍ॅक्टर्स युनियनचा अध्यक्ष कोण, तर रोनाल्ड रेगन!), पण १९६२ ला सरकारने मानगूट धरल्यावर एजन्सी बंद करावी लागली. मॅनेजरला लायसन्स नाही, त्यामुळे तो प्रोड्यूस करू शकतो, पण कॅलिफोर्नियात कायद्याने त्याने आर्टिस्टला काम मिळवून द्यायचं नाही. दिलं तर कमिशन बुडू शकतं. प्रत्यक्षात सगळे देतात म्हणा.

लोकलचा_डबा: बापरे. मग फी आणि कमिशन दोन्ही घ्यायचं की नाही?

सही_शिक्का: नाही! तिकडे साधारण रीत अशी की मॅनेजरला शोकडून प्रोड्यूसर फी मिळत असेल तर त्या शोपुरतं आर्टिस्टचं कमिशन सोडायचं. हे आत्ताच कागदावर घ्या, शोची मालकी कोणाची तेही लिहा, आणि कॉमेडियनला सांगा की हे अ‍ॅग्रीमेंट तुझ्या स्वतःच्या वकिलाला दाखव, कंपनीच्या नाही.

कटिंग_चहा: आणि त्या वकिलाची फी साहेबांकडून घेऊ नका म्हणजे झालं 😂