अंगणापर्यंतची कच्ची वाट : चिखल आणि खचण्यावर कमी खर्चात काय उपाय केलेत?

सुपारीबाग
काल शेजारच्या वाडीत सिलिंडरचा टेम्पो आसापर्यंत रुतला आणि आमच्या वाटेचे जुने दिवस आठवले. कुडाळ तालुक्यात मुख्य रस्त्यापासून अंगणापर्यंत आमची शंभरेक फुटांची मातीची वाट आहे. पावसाळ्यात आजीला डॉक्टरांकडे न्यायचे तर खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून न्यावे लागे. दरवर्षी मे महिन्यात मातीचा भराव पडायचा आणि श्रावणापर्यंत त्यात पुन्हा खोल चाकोऱ्या उमटायच्या. अखेर गावातल्या एका वयस्कर गवंड्यांनी भर पावसात येऊन पाणी कुठून येते ते पाहिले आणि दगडाआधी पाण्याचा बंदोबस्त करायला सांगितले. त्याप्रमाणे डोंगराकडच्या बाजूने चर खणून पाणी पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, वळवले, घट्ट जमीन लागेपर्यंत मऊ चिखल उपसला, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) फुटके तुकडे हाताने रचून बसवले आणि त्यावर मुरूम पसरून, पाणी मारत, धुम्मसाने ठोकून घेतला. वाटेचा मध्य दोन्ही कडांपेक्षा थोडा उंच ठेवला. खाणीवर फुटके तुकडे स्वस्त मिळाले. खरा खर्च वाहतुकीचा झाला. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

पऱ्याकाठ
भाकरी तव्यावर आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. नदीतले गोल गोटे घालू नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून निसटतात. फोडलेली, कोनदार खडीच घट्ट बसते.

काळी_जमीन
कोकणातली वाट तांबड्या जमिनीवरची आहे. आमच्या परभणीकडे प्रश्न वेगळा आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत दिसेनासा होतो. प्रत्यक्षात तो वाहून जात नाही. वरच्या वजनाने खडी खाली दबते आणि चिखल तिच्या फटींतून वर येतो. आम्ही माती आणि खडी यांच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरले. पाणी त्यातून झिरपते, पण माती आणि खडी एकमेकींत मिसळत नाहीत. कापडाचा खर्च आधी जड वाटला, परंतु तेव्हापासून नव्याने मुरूम आणावा लागलेला नाही. आमच्या भावकीत एकांनी मातीत वजनाच्या सुमारे ४ टक्के चुना मिसळून ती दाबून घेतली. त्यानेही फुगणे बरेच कमी झाले. चुना हाताळताना डोळे आणि हात झाकावेत, ही कळकळीची विनंती.

दोन_पट्ट्या
पैसे फारच कमी असतील तर पूर्ण रुंदी करू नये. आम्ही फक्त चाकांखाली दोन-दोन फुटांच्या पट्ट्या केल्या. हिशेब असा : १०० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ६ इंच जाड थराला ४०० घनफूट, म्हणजे ४ ब्रास माल लागतो, दाबल्यावर तो बसतो, म्हणून ५ ब्रास धरावा. पट्ट्यांना त्याच्या निम्मा पुरतो. मधल्या भागात गवत वाढू दिले की मातीही धरून राहते.

पऱ्याकाठ
पट्ट्यांची कल्पना फार आवडली. आमच्याकडे सासूबाई चालत जातात, त्यांच्यासाठी एक पट्टी चिऱ्याच्या सपाट फरशांची करता येईल.

गावकुस
वाट गावनकाशात पाणंद म्हणून नोंदलेली असेल, तर पदरचे पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना आहेत. शिवाय चराचे पाणी शेजाऱ्याच्या परड्यात सोडू नये. आमच्या गावात एवढ्याशा कारणावरून दोन घरांचे बोलणे बंद झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

नवे_घर
आमची वाट आत्ताच खचते आहे आणि पाऊस थांबण्याचे चिन्ह नाही. लगेच डंपरने खडी मागवावी का?

सुपारीबाग
कृपया आत्ता मागवू नका. भिजलेल्या जमिनीवर भरलेला डंपर आला तर उरलीसुरली घट्ट मातीही मोडेल. जिथे पाणी साचते तिथून फावड्याने कडेपर्यंत आडवे चर काढून ते वाहते करा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि चालण्यापुरते चिऱ्याचे तुकडे टाका. पाणी कुठून शिरते त्या जागांवर आत्ताच खुंट्या ठोकून ठेवा. दिवाळीनंतर जमीन वाळली की खणायला तिथूनच सुरुवात करा.