मुलाच्या वाट्याला बेस आलाय, नाराज आहे. काय ऐकवू?

माझगावची आई: सलाम. मुलगा १६ वर्षांचा. आवाज फुटला तसा चर्चच्या क्वायरमध्ये सोप्रानोतून, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजातून, थेट बेसमध्ये, सगळ्यात खालच्या आवाजात गेला. चाल सगळी वरच्यांकडे, आपण मागे घुमत राहायचं, म्हणून सरावाला टाळाटाळ करतो. सदर्न गॉस्पेलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ख्रिस्ती भक्तिगीतांत, बेसला मान असतो म्हणे. कोणाचं ऐकवू?

भायखळ्याचा बेस: ताई, जे. डी. सुमनर, तिकडचे बेस गायक. दुसरं नाव शोधूच नका. जन्म १९२४, फ्लॉरिडातलं लेकलंड. उपासनेत मी बेस गातो तो या माणसाला ऐकून ऐकून. तिकडच्या क्वार्टेटमध्ये टेनर, लीड, बॅरिटोन आणि बेस असे चौघंच. लपायला कुणाला जागाच नाही. ओळ संपता संपता बेस एकटा खाली उतरतो, आणि लोक त्यासाठीच कान टवकारून बसलेले असतात.

एल्विस प्रेस्लीचं १९७७चं ‘वे डाउन’ लावा. शेवटी सुमनर पियानोच्या पार डावीकडच्या ‘सी’पर्यंत उतरतात. मोबाइलच्या स्पीकरवर तो सूर उमटतच नाही, पोराला हेडफोन द्या. १९७१ पासून एल्विस जाईपर्यंत सुमनर आणि त्यांचा स्टॅम्प्स हा क्वार्टेट त्याच्या साथीला होता.

पण मला हा माणूस गळ्यापलीकडेही मोठा वाटतो. ३० जून १९५४ला अलाबामात क्लँटनला विमान कोसळून ब्लॅकवुड ब्रदर्स या क्वार्टेटमधले दोघं गेले. त्यातले बिल लाइल्स बेस गायचे. त्यांच्या जागी सुमनर आले. गेलेल्या माणसाचा सूर धरून रोज लोकांपुढे उभं राहायचं, याला छाती लागते! पुढे ही मंडळी बसने फिरू लागली. गायकांना झोपता येईल अशी बस करून घ्यायची कल्पना सुमनरचीच मानतात. १९५७ला मेम्फिसमध्ये नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन, म्हणजे अशा क्वार्टेटांचा मेळावा, सुरू झालं, त्यामागेही ते होते.

अल्टो_डोंबिवली: ऐकवा जरूर, पण १६व्या वर्षी तेवढं खाली जायला लावू नका. घसा दाबून खर्ज काढला की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. सहज लागेल तिथपर्यंतच.

माझगावची आई: हेडफोन लावून ऐकतोय. विचारतोय, आपल्या ‘उपासना संगीता’तल्या, म्हणजे चर्चच्या मराठी गीतपुस्तकातल्या, गीतांना असा बेस लागेल का?

भायखळ्याचा बेस: पाश्चात्त्य चालींच्या गीतांना छान लागतो. ना. वा. टिळकांच्या गीतांच्या देशी चालींवर मात्र चार सूर चढवू नका, चाल गुदमरते. तिथे त्याने खालच्या सप्तकात सगळ्यांबरोबर तीच चाल गावी. शनिवारी सरावाला पाठवा, शेजारी उभा करतो.