दूरक्षेत्र म्हणजे दूरच का?

कापूसवेचा
आमच्या गावात (दर्यापूरकडे, खारपाणपट्टा) पोलीस चौकी व्हायची आहे आणि जागेवरून दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते बाजारओळीत बांधा, दुसरी म्हणते गावाबाहेर ई-क्लासवर (ढोरं चरायची सरकारी जमीन). ठरावाचा मसुदा माझ्या गळ्यात. वरून आलेल्या कागदावर शब्द आहे ‘पोलीस दूरक्षेत्र’. ई-क्लासवाल्यांचा पुढारी ग्रामसभेत उठून म्हणाला, “सरकारनंच लिवलं ना बावा, दूर क्षेत्र! मंग गावात कायले पायजे?” निम्मे हसले, निम्म्यांना पटलं. हे ‘दूर’ नेमकं कशापासून?

कोशकिडा
ठाण्यापासून. गावापासून नाही. औटपोस्टचा सरकारी प्रतिशब्द आहे तो. मूळ ठाण्याचाच लांबवर टेकवलेला हात. गुन्ह्याचा नंबरही मूळ ठाण्याचाच पडतो. विषय संपला.

चांदूरची सून
संपला कसा? माझे सासरे पोलीस पाटील होते, त्यांनी जन्मात कधी दूरक्षेत्र म्हटलं नाही. ‘औटपोस्ट’च. मला लहानपणी वाटायचं, औट म्हणजे साडेतीन, तर साडेतीन शिपायांचं ते औटपोस्ट. हजेरी पाहता फार चुकतही नव्हतं.

मोडीमित्र
सरळ ‘चौकी’ लिहा. चौकी चौकावरून, चौक ‘चतुष्क’वरून. म्हणजे चौकी चौकातच हवी. बाजारओळ जिंकली!

कोशकिडा
व्युत्पत्तीवर जागा ठरवायची तर ठाणं ‘स्थान’वरून, म्हणजे कुठंही चालेल. आणि चौकी म्हणजे पहारा. जकातीच्या चौक्या घाटात, नाक्यावर असत. तिथं कुठला आलाय चौक?

सदाशिव
अवांतर: विदर्भातले पेपर ‘ठाणेदार’ का लिहितात? हे हिंदी झालं. पोलीस निरीक्षक लिहावं.

चांदूरची सून
1956 पर्यंत आम्ही नागपूर राजधानीच्या राज्यात होतो, हिंदी शेजारीच नांदली. पण ठाणेदार परका कसा? ठाणं आपलं, ‘दार’ फारसी. तुमचा फौजदार तरी कुठं आळंदीचा, भाऊ? त्याची तर फौजही अरबी.

सदाशिव
फौजदार रुळलाय.

चांदूरची सून
मंग ठाणेदार काय रांगून रायला?

झाडीपट्टीकर
गडचिरोलीत ‘पोमके’. पोलीस मदत केंद्र. पेपरात, एसटीत, सगळीकडे पोमके. फोड कोणी विचारत नाही अन् भांडतही नाही.

कापूसवेचा
मंडळी, शब्द राहू द्या, भांडण वेगळंच आहे. बायांना चौकी बाजारात हवी, दारूवाले तिथंच बसतात. दुकानदारांना धाक असा की समोर मोटरसायकल लावली की रोज चलान. ते काही सभेत बोलता येत नाही, म्हणून ‘दूर’ला धरून बसलेत. अन् ई-क्लासवर ज्यांची ढोरं चरतात ते तिसरेच, त्यांना कोणी विचारलंच नाही.

कोशकिडा
मसुद्यात कंसात ‘(चौकी)’ टाका अन् मोकळे व्हा. पण ई-क्लास काय लिहिताय? ‘गायरान’ हा चांगला मराठी शब्द आहे.

कापूसवेचा
गायरान म्हटलं तर आमच्याकडं तलाठीसुद्धा विचारीन, कोणतं? ई-क्लासच म्हणतात सारे.

मोडीमित्र
वऱ्हाडात त्याला ‘आखर’ म्हणतात ना?

चांदूरची सून
नाई जी. आखर म्हणजे सकाळी ढोरं गोळा करतात ती जागा. चरायची नव्हे.

झाडीपट्टीकर
आमच्याकडं तर आखरावरच चरतात.