कपाट आवरायचंय? मग आधी आहेराच्या साड्या बंद करा

कृष्णाकाठी (सांगली)

'कपाट आवरा, कमी घ्या, टिकाऊ घ्या' हे हल्ली जो तो सांगतो. वर्षभरात अंगाला न लागलेला कपडा बाहेर काढा, एक नवा आला की एक जुना गेलाच पाहिजे, वगैरे. नियम वाईट नाहीत. पण कपाटातला प्रत्येक कपडा आपण स्वतः दुकानात जाऊन, पसंत करून घेतलाय असं त्यात धरलेलं असतं. आपल्याकडे तसं आहे का हो?

आमच्या घरात साड्यांचे ढीग लावले तर सगळ्यात उंच ढीग निघाला तो कुणीच न निवडलेल्या साड्यांचा. प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न आलेल्या. काठाला हळदीकुंकवाचं बोट तसंच. आणि आत घडीत एक चिठ्ठी: 'मोठ्या जाऊबाईंच्या भाच्याचं लग्न'. चिठ्ठी कशाला, तर चुकून ही साडी फिरून त्यांच्याच घरी जाऊ नये! शिवाय ब्लाउजपीस. ते इतके आखूड की मापाचा ब्लाउज निघत नाही, आणि इतके निसरडे की अस्तरालाही चालत नाहीत. टॉवेल-टोपीतला टॉवेल पाणी टिपण्याऐवजी पसरवतो.

कापड पेठेत कुठल्याही दुकानात गादीवर बसलं की पहिला प्रश्न येतो, "नेसायची दाखवू की द्यायची?" या एका प्रश्नात सगळं आलं. द्यायची साडी नेसण्यासाठी विणलेलीच नसते. ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते, तिथून तिसऱ्या, आणि मध्ये कुठेतरी एखादा दिवस हातात मिरवते.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःची खरेदी कमी करून काही होत नाही. आहेर द्यायचा आणि घ्यायचा बंद करा. ज्यांना द्यावंसंच वाटतं त्यांनी चौघांत मिळून एक नेसण्यासारखी साडी द्यावी. बोला.

विटेकर

काका, बोलायला सोपं आहे. विटा, इचलकरंजी, माधवनगर ही गावं कशावर जगतात? यंत्रमागाची खटखट चालू असेल तर घरात चूल. कापडाला उठाव नसला की माग बंद, आणि माग बंद झाला की पहिला घरी बसतो तो कांड्या भरणारा कांडीवाला आणि ताण्याची टोकं ओवणारा वहिफणीवाला, मालक नाही. सगळ्यांनी 'कमी घ्या' चालू केलं तर आमच्याकडे काय करायचं, तेही लिहा की चर्चेच्या या धाग्यात.

कृष्णाकाठी

विटेकर, मुद्दा मान्य, पण पत्ता चुकला. द्यायच्या साड्या येतात सुरतेहून, कृत्रिम धाग्याच्या. तुमच्याकडे आणि इचलकरंजीत निघतं ते पॉपलीन, केंब्रिक असलं सुती कापड, धोतर, ग्रे म्हणजे न धुतलेलं-रंगवलेलं कोरं कापड. म्हणजे आहेरावर उधळलेला पैसा तुमच्या मागावर येतच नाही. लोकांनी शर्टाचं चांगलं सुती कापड घेऊन शिवून घ्यायला सुरुवात केली तर उलट तुमचाच फायदा.

विटेकर

कापड घेऊन शिवून घेतंय कोण आता? शिलाई ऐकली की माणूस रेडिमेडकडं वळतो. असो. सुरतेचं बरोबर आहे तुमचं.

सुई_दोरा (सातारा, शिवणकाम)

शिलाईचा विषय निघाला म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणारा.

'टिकाऊ घ्या' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना टिकाऊ कशाला म्हणतात ते माहीत नसतं. महाग म्हणजे टिकाऊ, एवढाच हिशेब. दुकानात शर्ट हातात घेतला की आधी तो उलटा करा. बगलेतली आणि बाजूची शिवण बघा. एका इंचात दहा-बाराच्या आसपास टाके असतील तर बरा, सहा-सात असतील तर ठेवून द्या. शिवणीच्या आत कापड किती सोडलंय ते बघा. पूर्वी आम्ही पँटला मागच्या शिवणीत दोन-अडीच इंच कापड सोडायचो, पोट सुटलं की उसवून सैल करता यायची. आजच्या रेडिमेड पँटला आत ओव्हरलॉक (कडेची मशीन-शिवण) मारून सगळं कापून टाकलेलं असतं. ती पँट एकाच पोटाची.

जीन्समध्ये लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, जास्त असेल तर गुडघ्याला फुगा येणार, लवकर. लायक्राला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडे लोक ती कडक उन्हात वाळवून वर इस्त्री फिरवतात.

आता धागालेखकांना न आवडणारं सांगतो. नुसतं टिकणंच बघायचं असेल तर सुती नको, टेरिकॉट घ्या. ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सूत. शाळेचे गणवेश आणि पोलिसांच्या वर्द्या उगाच त्यात शिवल्या नाहीत. विरत नाही, आटत नाही, रंग धरून राहतो. मळखाऊ रंग घेतला तर माणूस थकेल पण पँट थकणार नाही. शुद्ध सुती शर्टाची कॉलर आधी घासते, मग मी ती उलटवून देतो, मग पुन्हा घासते. तेव्हा 'नैसर्गिक' आणि 'टिकाऊ' या दोन गोष्टी एकाच तोंडाने मागू नका.

शाहूपुरीकर

+१. टेरिकॉटबद्दल शंभर टक्के. फक्त मे महिन्यात पोवई नाक्यावर उभं राहून दाखवा ते घालून.

सुई_दोरा

हा हा. म्हणून तर म्हटलं, काय हवं ते आधी ठरवा.

माणदेशी

आमच्याकडनं बी चार शब्द. धागा वाचून कुणाला राग आला नसंल तर मला आलाय.

आहेर बंद करा म्हणता. माझ्या आईच्या अंगावर जी साडी असती ती आहेराचीच असती. ती रानात नेसून जाती, खुरपताना, जनावरांचं शेण काढताना. 'द्यायची' साडी पिशवीत ठेवायला आमच्यात कपाटच नव्हतं, पत्र्याची ट्रंक होती एक. आलेली साडी पुढच्या आठवड्यात अंगावर. तुमचा तो पाणी न टिपणारा टॉवेल आमचा बाप डोक्याला गुंडाळून उन्हाचा हिंडतो. पावण्यारावळ्यात चार साड्या आल्या म्हणून वर्षाचा कपडा निघायचा, दुकानात जायची गरजच पडायची न्हाई. तुम्ही ज्याला अडगळ म्हणताय ती आमची खरेदी आहे.

आणि ते 'एका टी-शर्टाला २७०० लिटर पाणी लागतं' म्हणून जे सांगत फिरतात त्यांनी माण-खटावात यावं. टँकरच्या मागं हंडे लावून उभं राहिलेल्याला पाणी किती लागतं ते शिकवू नका. कमी घ्यायला आम्हाला कुणी शिकवायचं नसतं. आमचं आपसूकच कमी असतं.

वसुधा_मिरज

माणदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईंचं जे लिहिलंत ते खरं आहे. तरी एक विचारू? आईंना विचारलं असतं, चार निसरड्या साड्या की एक जाड सुती इरकल, तर त्या काय म्हणाल्या असत्या? रानात पॉलिस्टर नेसून घामानं अंगाला काय होतं ते बाईलाच माहीत. आणि चुलीपुढे ठिणगी उडाली तर सुती जळतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. स्वस्तात मिळालं म्हणून ते बरं, असं नाही.

आता धागालेखकांकडे वळते. 'आहेर बंद करा' हे पुरुष फार सहज लिहितात. बंद करायची जबाबदारी कुणावर? लग्नाला तुम्ही मोकळ्या हातानं जाऊन जेवून याल. "तिने काहीच आणलं नाही" हे बोलणं येणार ते तुमच्या बायकोवर. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात, आणि त्याच मांडवात मानपानाच्या साड्यांची यादी वाचत करवली फिरत असते. पत्रिकेतली ओळ पाहुण्यांसाठी, यादी व्याह्यांसाठी. ती यादी तुम्ही फाडून दाखवा, मग पुढचं बोलू.

शिवाय पुरुषाचा तोच निळा शर्ट तीन लग्नांत दिसला तर कुणी फोटो झूम करत नाही.

कृष्णाकाठी

वसुधाताई, टोला बसला. यादीचं मी लिहायलाच हवं होतं, कारण खरा आकडा तिथेच फुगतो. पण म्हणूनच म्हणतो ना, घरातल्या पुरुषांनी बैठकीतच, याद्या करायला बसतात तेव्हाच, हे बोलायचं. बायकांनी मांडवात नाकारायची वेळच येऊ नये.

माणदेशी, तुमच्याशी मी भांडत नाही. पण बघा, तुमच्या घरी आलेली साडी नेसली गेली. ती अडगळ नव्हतीच. मी बोलतोय ते चिठ्ठी लावलेल्या साडीबद्दल.

माणदेशी

मग धाग्याचं नाव बदला. 'आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या कपाटाचं काय करू' असं ठेवा. सगळ्या जिल्ह्याला कशाला शिकवताय?

पेठेतला (कापड व्यवसाय)

दुकानाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून.

'नेसायची की द्यायची' हे आम्ही विचारतो, खरं आहे. न विचारता नेसायची काढली तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढी भारी कशाला, द्यायचीय." आम्ही शिकवलेलं नाही, गिऱ्हाइकानं आम्हाला शिकवलंय.

दुसरं, टिकाऊ माल विकायला सरकारचीच आडकाठी आहे. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. आधी वरच्या किमतीला १२ होता. म्हणजे ३००० चं चांगलं जाकीट घेतलं की करच ५४०. त्याच ३००० ची हजार-हजारची तीन हलकी जाकिटं घेतली तर १५०. 'कमी आणि चांगलं घ्या' म्हणणाऱ्याला दंड, 'तीन घे' म्हणणाऱ्याला सूट. यावर कुणी धागा काढत नाही.

आणि पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं. पेठेत दुकानंच्या दुकानं बुडाली. पाणी उतरल्यावर चिखलाचे गठ्ठे उपसले. भिजलेला माल मातीमोलानं काढला तेव्हा रांगा लागल्या होत्या. त्या रांगेत कोण होतं? ज्यांच्या घरात पुरानं काही ठेवलं नव्हतं ते. तेव्हा स्वस्त कापडाला नावं ठेवताना जरा दमानं.

शाहूपुरीकर

जीएसटीचा मुद्दा जबरदस्त. लक्षातच आलं नव्हतं.

पुराचं निघालं म्हणून दुसरी बाजू. त्याच वेळी राज्यभरातून मदतीच्या नावाखाली जे जुने कपडे आले, त्यांचे ढीग लोकांनी रस्त्याकडेला पाहिलेत. फाटलेल्या पँटी, एकेकटे मोजे, जरीचे जुने परकर. चिखल काढणाऱ्या बाईला जरीचा परकर! कपाट आवरलं की 'गरजूंना दिलं' म्हणून लोक सुटतात. कमी घेतलं असतं तर ही वेळच आली नसती, म्हणून मी धागालेखकांच्या बाजूनं.

अवांतर: साताऱ्यात आषाढ-श्रावणात गच्च भरलेलं कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण. रेशमी साड्यांना जागा सुटी लागते, अधूनमधून घडी बदलावी लागते, नाहीतर घडीवर चिरतात. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते. ज्यांच्याकडे पन्नास साड्या आहेत त्या बायका कधी करतात हे सगळं?

वसुधा_मिरज

करत नाहीत. म्हणून तर कसर लागते.

सुई_दोरा

जुन्या कपड्यांचं पूर्वी आपोआप व्हायचं. बोहारीण यायची, तीन साड्यांवर पातेलं, पाच शर्टांवर डबा, आणि दारात अर्धा तास घासाघीस. सुती धडपं गॅरेजात आणि कुपवाड एमआयडीसीत मशीन पुसायला जायची. जुन्या नऊवारीची वाकळ (गोधडी) व्हायची. आता बोहारीण आली तरी कपडा चिमटीत धरून बघते आणि सिंथेटिक असला तर बाजूला सारते. तेल टिपत नाही, वाकळेत थर सरकतात, टाका धरत नाही. परवा एक बाई आहेराच्या साड्यांची वाकळ शिवून द्या म्हणून आल्या. मी नाही म्हणालो. मशीनखालून कापड पुढं पळतं आणि अस्तर मागं राहतं.

विटेकर

मग त्या साड्यांचं करायचं काय शेवटी? हे कुणीच सांगेना.

वसुधा_मिरज

आमच्या भिशीतल्या बायकांनी पडदे केले. उन्हानं रंग उडाला तरी वाईट वाटत नाही.

माणदेशी

पिशवीतल्या न उघडलेल्या साड्या असतील तर दहिवडीच्या बाजाराला या सोमवारी, बाया घेतील. पण दान म्हणून देऊ नका. पन्नास रुपये का असंना, किंमत लावा. फुकटची साडी माझी आई बी नेसत न्हाई, आहेराची नेसती. आहेराला परत आहेर द्यावा लागतो, म्हणून ती ताठ मानेनं नेसती.

कृष्णाकाठी

हे मात्र माझ्या धाग्याच्या बरोबर उलट झालं. माझी तक्रारच त्या परतफेडीवर आहे.

माणदेशी

तेच तर सांगतोय मगापासनं.

पेठेतला

दोघांनीही एकदा दुकानात या. माणदेशी, तुमच्या आईसाठी सुती इरकल दाखवतो, वसुधाताई म्हणतात ती. तुम्ही ठरवा नेसायची का द्यायची.