एक्सचेंजला दिलेली गाडी सहा आठवडे लटकली, भाव उतरला. तोटा कोणी सोसायचा?

कृष्णाकाठ (वाई)

राखी पौर्णिमेला, ९ ऑगस्ट २०२५ला, साताऱ्यातल्या एका शोरूममध्ये नवी गाडी बुक केली. जुनी २०१६ची वॅगन आर एक्सचेंजला. त्यांच्या माणसाने गाडी तासभर तपासली, रंगाची जाडी मोजली, खाली वाकून सायलेन्सर पाहिला आणि भाव काढला ३,०५,०००. ऑर्डर फॉर्मवर ते लिहिलं, वर एक्सचेंज बोनस २०,००० आणि नव्या गाडीची तारीख २० ऑगस्ट. गणपतीच्या आत गाडी दारात, या हिशोबाने आम्ही खूश होतो. १७ला फोन आला, "जुनी गाडी आणून द्या, कागदांना वेळ लागतो." दिली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरीच होती.

२० ऑगस्टला गाडी आली नाही. २७ला गणपती आले, तेव्हाही नाही. ४ सप्टेंबरला मॅनेजरचा मेसेज: "सर, २२ तारखेपासून जीएसटी कमी होतोय, थांबलात तर स्वस्त पडेल." मी लिहिलं, "ठीक आहे." आता २४ सप्टेंबरला म्हणतात, नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणून जुन्यांचा बाजार पडला, तुमच्या गाडीचे २,५०,००० देऊ.

आणखी एक. ११ सप्टेंबरला सकाळी पावणेसातला मोबाईलवर फास्टॅगचा मेसेज: आनेवाडी टोल नाका. तासाभराने दुसरा: खेड शिवापूर. संध्याकाळी वेगाचं ई-चलन. फोटो मोठा करून पाहिला. मागच्या काचेवर मुलीने चौथीत असताना चिकटवलेलं फुलपाखरू स्पष्ट दिसतंय. यार्डात उभी असलेली माझी गाडी पुण्याला निघाली होती.

माझं म्हणणं सरळ आहे. उशीर त्यांचा, गाडी त्यांच्या ताब्यात, वापरलीही त्यांनी. पंचावन्न हजारांची तूट मी का सोसू?

एक्सचेंज डेस्क (पुणे)

मी नऊ वर्षं हेच टेबल सांभाळलंय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. जुनी गाडी शोरूम बहुतेक वेळा स्वतः ठेवत नाही, ती ब्रोकरकडे जाते. आपण तुम्हाला ३,०५,००० सांगतो कारण ब्रोकरने त्या आठवड्यात तेवढा शब्द दिलेला असतो. छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर २८ टक्के अधिक सेस होता, तो १८वर आला. नवी गाडी साठ हजारांनी उतरली की सहा-नऊ वर्षं जुनी गाडी जुन्या भावाने कोण घेणार? ब्रोकर शब्द फिरवतो आणि मधल्यामध्ये शोरूम अडकतं.

ऑर्डर फॉर्म उलटा करून वाचा. बहुतेक फॉर्मवर मागे छापलेलं असतं की व्हॅल्यूएशन, म्हणजे जुन्या गाडीचा काढलेला भाव, अमुक दिवसांपुरतंच. आणि तुम्ही स्वतः थांबायला "ठीक आहे" म्हणालात, नव्या गाडीवर तुमचे साठ हजार वाचले. उतरलेल्या बाजाराचा फायदा तेवढा घ्यायचा आणि तोटा समोरच्याने घ्यायचा, हे मला पटत नाही. गाडी यार्डाबाहेर नेली ते मात्र चूक. चलन त्यांनीच भरायला हवं.

कृष्णाकाठ (वाई)

फॉर्म पाहिला. मागे १५ दिवस लिहिलंय, तुमचं बरोबर. पण कर कमी झाला तो सरकारने सगळ्यांसाठी केला, शोरूमने खिशातून काही दिलं नाही. २० ऑगस्टला गाडी दिली असती तर मी जुन्या भावाने घेतली असती, कुरकुर केली नसती.

पन्हाळा रोड

दादा, राग मानू नका, पण नावाची जागा कोरी सोडली ती तुम्ही. घेणाऱ्याचं नाव नसलेल्या फॉर्मवर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही. मी माझी गाडी कोल्हापुरातच ओळखीच्या माणसाला विकली, आरटीओत दोघांनी उभं राहून नावावर केली, एक्सचेंजपेक्षा चाळीस हजार जास्त मिळाले. कोर्टकचेरीत दोन वर्षं घालवण्यापेक्षा गाडी परत आणा आणि बाहेर विका.

ग्राहक आयोगाची आशा धरू नका. जुनी गाडी विकताना तुम्ही विक्रेते आहात. विक्रेता ग्राहक कसा होईल? तक्रार दाराशीच अडेल. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे, तारखा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे.

काळा कोट (कराड)

वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी पन्हाळा रोड यांचा मुद्दा, कारण तो हलका नाही. नुसती गाडी विकणारा ग्राहक नसतो, हे बरोबर. पण इथे दोन व्यवहार नाहीत. एकाच ऑर्डर फॉर्मवर नव्या गाडीची किंमत आहे आणि त्यातून वजा केलेले ३,०५,००० आहेत. म्हणजे जुनी गाडी हा नव्या गाडीच्या किमतीचा एक भाग आहे. नवी गाडी घेणारा ग्राहकच, आणि त्या खरेदीतली दिरंगाई ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. तक्रारीत "माझी जुनी गाडी घेतली नाही" असं लिहाल तर अडाल. "ठरलेल्या किमतीला आणि तारखेला नवी गाडी दिली नाही" असं लिहा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ शोरूम तिथेच नरमतात.

आता भाव. १५ दिवसांची अट आहे ना? मग मोजा. व्हॅल्यूएशन ९ ऑगस्टचं, गाडी ताब्यात घेतली १७ला, म्हणजे आठव्या दिवशी. भाव जिवंत असताना त्यांनी गाडी घेतली. माल विक्री कायद्याच्या, १९३०च्या, कलम २० प्रमाणे ठरावीक तयार वस्तूचा बिनशर्त व्यवहार झाला की मालकी तेव्हाच जाते, पैसे नंतर द्यायचे असले तरी. शोरूमने एकच भूमिका घ्यावी. गाडी विकत घेतली असेल तर ३,०५,००० द्या. घेतली नसेल तर ती सांभाळायला ठेवलेली परक्याची वस्तू होती, मग ती खेड शिवापूरच्या टोलवर काय करत होती? करार कायद्याच्या कलम १५४ने असा परवानगीशिवाय केलेला वापर त्यांच्या अंगावर येतो. दोन्ही दरवाजे एकदम उघडे ठेवता येत नाहीत.

तुमच्या "ठीक आहे"बद्दल. त्याने तुम्ही नव्या गाडीची मुदत वाढवून दिली, हे मान्य करावं लागेल. ४ सप्टेंबरनंतरच्या उशिराची भरपाई मागू नका, टिकणार नाही. पण मुदत वाढवणं म्हणजे भाव बदलायला होकार नव्हे. अटी बदलायच्या तर दोघांची संमती लागते आणि मेसेजमध्ये जुन्या गाडीचा शब्दही नाही.

आता ज्याच्यात बहुतेक लोक फसतात ते. करार कायद्याचं कलम ५५. ठरलेली तारीख हुकली आणि तुम्ही नंतर मुकाट डिलिव्हरी घेतलीत, तर उशिराच्या नुकसानीचा हक्क जातो. हक्क राखायचा असेल तर घेतानाच समोरच्याला सांगावं लागतं. दसरा २ ऑक्टोबरला आहे, तुम्ही हार घालून चावी घ्याल, फोटो काढाल आणि खटला तिथेच संपेल. डिलिव्हरी घ्यायचीच असेल तर त्याआधी ईमेल आणि रजिस्टर पत्र पाठवा: "हक्क राखून घेत आहे."

रश्मी, ठाणे

तुम्ही सगळे पंचावन्न हजारांवर बोलताय. मला त्या टोलच्या मेसेजची भीती वाटते.

माझ्या बाबांनी अशीच गाडी एक्सचेंजला दिली होती. फॉर्मवर सह्या, नाव कोरं, "पंधरा दिवसांत नावावर होईल" एवढाच शब्द. दीड वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडी तिसऱ्याच माणसाकडे होती, एका दुचाकीवाल्याचा पाय गेला होता. गाडीच्या नोंदणी पुस्तकात नाव बाबांचं. नशिबाने विमा चालू होता, म्हणून पैसे कंपनीने भरले. पण सत्तरीतले बाबा किती वेळा त्या बाकावर जाऊन बसले, ते मी पाहिलंय. जेवताना मध्येच थांबून विचारायचे, "त्या पोराचं काय झालं असेल गं?" गाडी त्यांनी चालवलीही नव्हती.

एक्सचेंज डेस्क, तुम्ही म्हणता मधल्यामध्ये शोरूम अडकतं. अडकतो तो पुस्तकात नाव असलेला माणूस.

काळा कोट (कराड)

ताईंनी लिहिलं ते अगदी तसंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलं. गाडी एकामागून एक चार हातांतून गेली, पुस्तक पहिल्याच्याच नावावर राहिलं, अपघात झाला. न्यायालय म्हणालं, आरटीओच्या नोंदीत जो मालक तोच मालक. जखमी माणसाने खरेदीदारांची साखळी शोधत फिरायची नाही. त्या प्रकरणात विमाही नव्हता.

यावर उपाय आला तो १ एप्रिल २०२३पासून. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९ बी. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिलीत की दोघांच्या सहीने फॉर्म २९ सी आरटीओच्या पोर्टलवर जातो. त्याचा क्रमांक निघाला की तेव्हापासून डीलर मालक धरला जातो, गाडीचं बरंवाईट त्याच्याकडे. त्याने गाडी रस्त्यावर आणायची तर ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांपुरतीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. कृष्णाकाठ, उद्याच विचारा: तुमचं २९ बी दाखवा, माझ्या गाडीचा २९ सी क्रमांक द्या. सगळं बोलणं त्यानंतर.

एक्सचेंज डेस्क (पुणे)

रश्मीताई, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या टेबलावर २९ सी विचारणारा ग्राहक मला महिन्यातून एखादाच भेटायचा, आणि आम्हीही आपणहून सांगत नव्हतो. ते चुकलंच. कोरे फॉर्म कधीही घेऊ नयेत, हे मी आज मान्य करतो.

पण भावाबद्दल माझं मत तेच आहे. वकीलसाहेबांचा आठ दिवसांचा हिशोब कागदावर पक्का आहे, तरी ब्रोकरने शब्द फिरवल्यावर ते पैसे सेल्समनच्या इन्सेंटिव्हमधून कापले जातात, हेही मी पाहिलंय. कृष्णाकाठ, मधला मार्ग सुचवतो. २,८०,०००वर तोडा, चलन आणि टोल त्यांच्याकडून, २९ सी जागेवर. बोनसचे २०,००० तर मिळतायतच. तो बोनस कंपनीकडून मिळवायला शोरूमला जुन्या गाडीचे कागद दाखवावे लागतात, म्हणजे त्यांनाही घाई आहे. तेवढं तुमच्या हातात आहे.

पन्हाळा रोड

याला माझा विरोध. आज २,८०,००० घेतलेत तर उद्या पुढच्या ग्राहकालाही तेच करतील. एक तर पूर्ण ३,०५,००० घ्या, नाही तर गाडी उचलून आणा. आयोगाबद्दल मी थोडी माघार घेतो, एकच फॉर्म असेल तर वकीलसाहेब म्हणतात ते टिकू शकतं.

आणि गाडी परत आणलीत तर विमा बंद करू नका. विकल्यावर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र घ्या, तीन वर्षं चालतं, नव्या गाडीला लागतं. माझा ५० टक्क्यांचा बोनस मी अज्ञानात घालवला होता.

रश्मी, ठाणे

फास्टॅगही आजच बंद करून टाका. आणि गाडी हातात आली की पहिल्यांदा मीटरचा फोटो.

कृष्णाकाठ (वाई)

काल, २७ला, पत्र घेऊन स्वतः गेलो. बायकोही आली. दोनच ओळी होत्या: २९ बी दाखवा, २९ सीचा क्रमांक द्या, नाही तर गाडी आणि सह्या केलेले फॉर्म परत द्या. पोचपावतीवर शिक्का मागितला, रिसेप्शनवरची मुलगी आत गेली ती वीस मिनिटं आलीच नाही.

मॅनेजर स्वतः बाहेर आले. माझ्याहून वयाने लहान, मला "काका" म्हणाले. २९ बी त्यांच्या शोरूमच्या नावावर नाहीच. गाडी शिरवळच्या एका ब्रोकरकडे होती, त्याच्याकडेही नाही. २,८०,०००ची गोष्ट त्यांनीच काढली. एक्सचेंज डेस्क, तुमचा सल्ला मनात होता आणि क्षणभर वाटलं घ्यावेत, सणाच्या तोंडावर भांडण नको. पण ज्याच्याकडे अधिकारपत्रच नाही त्याच्या हाती माझ्या नावाची गाडी परत सोडायची, हे रश्मीताईंचं वाचल्यानंतर मला जमलं नाही.

संध्याकाळी सातला गाडी दारात आली. फॉर्म परत घेतले, बायकोने तिथेच उभे-आडवे फाडले. व्हॅल्यूएशनच्या कागदावर ७४,२१२ किलोमीटर लिहिलेत, मीटरवर ७६,१४०. दोन्हींचे फोटो काढले. मागच्या सीटवर कोणाची तरी चार्जरची वायर राहिली होती.

नवी गाडी दसऱ्याला घेतोय, बोनस सोडून. ईमेल आजच गेला, "हक्क राखून घेत आहे" हे शब्द तसेच घातलेत. जुनी आता बाहेर विकणार. ३,०५,०००पेक्षा जेवढे कमी येतील तेवढे, बोनसचे २०,००० आणि ते १,९२८ किलोमीटर, एवढं तक्रारीत मागणार आहे. वकीलसाहेब, सुट्टीनंतर कराडला आलो तर कागद पाहून द्याल का?

काळा कोट (कराड)

या. ऑर्डर फॉर्म मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको. मेसेज मोबाईलमधून काढून टाकू नका, "ठीक आहे" सुद्धा.